वाड्याचं जुनं दार घरात आणताय? या चुका टाळा

आपल्या जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, पारोळा, अमळनेरकडे एखादं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर उतरवलं की माती ट्रॉलीत जाते आणि दारं-चौकटी विकायला निघतात. शंभरी गाठलेलं दार आपल्याकडे आल्यावर दोन वर्षांत वाकडं होतं किंवा भुसा सोडायला लागतं. दोष लाकडाच्या वयाचा क्वचितच असतो. पाणी कुठून शिरेल आणि लाकडाला फुगायला-आटायला जागा कुठे मिळेल, याचा विचार झालेला नसतो.

घेतानाच होणारी फसगत

काळवंडलेलं प्रत्येक दार सागवानी नसतं. आपल्या भागात अंजन, बाभूळ, कडुनिंब यांचीही दारं भरपूर निघतात. मागच्या बाजूला पटाशीने जरासं खरवडा. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकटपणा जाणवतो आणि वास ओळखू येतो. वजनावरूनही अंदाज येतो. सहा बाय तीन फुटांचं दोन इंची दार म्हणजे तीन घनफूट लाकूड. साग असेल तर 55 किलोच्या आसपास, अंजन असेल तर 85-90 किलो, लोखंडी पट्ट्या आणि कडी-कोयंडा धरून आणखी जास्त. अंजन वाईट नाही, उलट चिवट आहे. पण भाव सागाचा मोजू नका आणि बिजागऱ्याही सागाच्या हिशोबाने लावू नका.

शक्य असेल तर दार चौकटीसकट घ्या. बरीच जुनी दारं बिजागरीवर नसतातच. दाराच्या एका कडेला वर आणि खाली कुसू, म्हणजे पुढे आलेला लाकडी खुंट असतो, तो चौकटीच्या खोबणीत फिरतो. सुतार घाईत असला की कुसू कापून बिजागऱ्या ठोकतो. तिथे दाराची मूळ घडण संपते, शिवाय खिळ्यांनी आधीच पोखरलेल्या कडेला स्क्रू धरत नाहीत. कुसू झिजला असेल तर त्यावर लोखंडी टोपी बसवा, खालच्या खोबणीत लोखंडी वाटी ठेवा आणि ग्रीस भरा. चौकट मिळालीच नाही आणि बिजागऱ्याच लावायच्या असतील, तर पाच इंची जाड बिजागऱ्या निदान तीन (अंजनाला चार) आणि दोन इंची स्क्रू लागतील.

कीड न तपासता थेट पॉलिश

दार आणल्यावर आधी छिद्रं झटकून साफ करा, मग आडवं टेकवून खाली काळा कागद पसरा. हलवाहलवीत जुना भुसा पडतोच, म्हणून साफ न करता पाहिलं तर उगाच घाबरायला होतं. पंधरा दिवसांत कागदावर पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर भुंगेरे जिवंत आहेत. वाळवीची खूण वेगळी: मातीचे पापुद्रे आणि ठोकल्यावर पोकळ आवाज. दारात खोडाच्या सालीलगतचं फिकट लाकूड जिथे राहिलंय तिथेच कीड आधी लागते, गाभ्याला सहसा नाही.

उपाय स्वस्त आहे. एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. रंग काढलेल्या उघड्या लाकडावर ब्रशने दोन हात द्या, छिद्रांत सिरिंजने सोडा आणि आठवडाभर सावलीत वाळू द्या. पॉलिशवर हे मारून काही उपयोग नाही, कारण आत मुरतच नाही. पावसात भिजणाऱ्या दारालाही नको, धुऊन निघून जातं. जळकं इंजिन ऑइल फासण्याची गावोगावची सवय मात्र सोडा: दार काळं पडतं, वास राहतो आणि पुढे कुठलंच पॉलिश धरत नाही.

जुना रंग कोरडा घासणं

ही सगळ्यात धोक्याची चूक. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत हवं, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. मशीनने कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते, ब्लोलॅम्पने जाळलं तर धूर थेट छातीत जातो. पेंट रिमूव्हर लावून खरवडा, उरलेलं ओल्या काचपेपरने काढा. एन-95 मास्क लावा, पोरंबाळं लांब ठेवा आणि खरवड पिशवीत बांधून टाका. कॉस्टिक सोड्याने रंग झटकन निघतो खरा, पण साग काळा पडतो आणि रेषे सुटतात.

रंधा लावण्याआधी दारावरून चुंबक फिरवा. मोडके खिळे आतच असतात, एकाच खिळ्यात पातं जातं. लोखंडी तारेचा घासणा ओल्या लाकडावर वापरू नका. कण अडकतात आणि काळे ठिपके उमटतात, बाभळीवर तर हमखास. पितळी फुल्या चिंच-मिठाने जागेवरच घासल्या की आंबट पाणी लाकडात उतरतं. काढून घासा, नाही निघाल्या तर भोवती कार्ड धरा.

फुगण्याला जागा न ठेवणं

मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार श्रावणात उघडत नाही, आणि श्रावणात रंधलेलं दार मेमध्ये फट दाखवतं. फळ्यांच्या तीन फुटी दारात हा फरक पाच-सहा मिलिमीटरचा असू शकतो. म्हणून पावसाळ्यात अडलं तरी लगेच रंधू नका, दिवाळीपर्यंत थांबा. उन्हाळ्यात बसवताना फटींची बेरीज सहा मिलिमीटर ठेवा. दाराच्या स्वतःच्या चौकटीत बसवलेल्या फळ्या खिळखिळ्या वाटल्या म्हणून फेविकॉलने चिकटवू नका. त्या मुद्दाम मोकळ्या असतात, अडवल्या तर मधोमध चिरतात. दार कूलरच्या तोंडाशी असेल तर ऐन वैशाखातही फुगतं, तेव्हा कूलरची जागा बदला.

तेल द्यायचं तर दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल घ्या. कच्चं आठवडे आठवडे चिकट राहून धूळ धरतं. तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, पातळ हात, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, पुढचा हात चोवीस तासांनी. दाराची खालची कड विसरू नका. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं.

तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ते स्वतःहून पेट घेऊ शकतात, आणि आपल्याकडे 44 अंशांच्या दुपारी तर धोका जास्तच. वापरून झाले की पाण्यात बुडवा आणि अंगणात पसरून वाळवा.

टेबल किंवा भिंतीची शोभा

टेबलावर 10 मिलिमीटरची टफन काच ठेवली तर सहा बाय तीनला 42 किलो होते, म्हणजे सागाच्या दारासकट पायांवर शंभराच्या आसपास भार. काच थेट लाकडावर टेकवली की दमट हवा आत कोंडून बुरशी येते; तीन-चार मिलिमीटरच्या रबरी टिकल्या खाली द्या. भिंतीला लावायचं असेल तर वजन जमिनीवर घ्या, अर्धा इंच उंच दगडी पट्टीवर उभं करा. भिंतीतले अँकर फक्त दार कलू नये म्हणून, आणि भिंत मातीची असेल तर तेही धरत नाहीत, वरच्या लाकडी तुळईला पट्टी बांधावी लागते.