लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये जीपीएस घड्याळ कसं वापरावं

३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं. एवढ्या मोठ्या शर्यतीत घड्याळाचं बटण फक्त सहा वेळा दाबावं लागतं. सुरुवातीला स्टार्ट, पाण्यातून बाहेर आल्यावर लॅप (टप्पा संपल्याची नोंद करणारं बटण), सायकलवर बसण्याआधी लॅप, सायकलवरून उतरल्यावर लॅप, धावायला निघताना लॅप आणि फिनिशला स्टॉप. बाकीचं सगळं काम आधी घरी बसून उरकायचं असतं. दहा-बारा तास उलटल्यावर साधी वजाबाकीही सुचत नाही, मग मेनूत शिरून सेटिंग शोधणं तर दूरच. म्हणून घड्याळ हातात घेण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: शर्यतीत कोणते निर्णय घ्यावे लागतील आणि प्रत्येक निर्णयासाठी कोणता आकडा लागेल. ज्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, त्याला स्क्रीनवर जागा देऊ नका.

घरची मांडणी

ट्रायथलॉन किंवा मल्टिस्पोर्ट मोडमध्ये क्रम असा लागतो: ओपन वॉटर स्विम, टी-१, बाइक, टी-२, रन. ट्रान्झिशन (टी-१ आणि टी-२, म्हणजे दोन खेळांमधला बदल) मोजायचं की नाही, याचं सेटिंग बहुतेक घड्याळांत वेगळं असतं. ते चालू ठेवा. बंद असेल तर पाण्यातून आल्यावर एकदा लॅप दाबलं की घड्याळ थेट बाइकमध्ये जातं आणि वेटसूट काढण्यातली सात-आठ मिनिटं सायकलच्या सरासरीत मिसळतात. पूल स्विम आणि ओपन वॉटर स्विम यांची गल्लत होऊ देऊ नका. पूल मोडमध्ये जीपीएस बंद असतो आणि अंतर भिंतीला मारलेल्या टर्नवरून मोजलं जातं, त्यामुळे तलावात किंवा समुद्रात तो आकडा निरर्थक ठरतो.

ऑटो पॉज, म्हणजे तुम्ही थांबलात की वेळही थांबवणारं सेटिंग, बंद करा. एड स्टेशनवर (खाण्यापिण्याच्या थांब्यावर) तुम्ही थांबलात तरी शर्यतीचं घड्याळ थांबत नाही, तेव्हा तुमचंही थांबता कामा नये. टचस्क्रीनही शर्यतीपुरता बंद ठेवा, कारण पाण्याचे आणि घामाचे थेंब स्क्रीनला बोटासारखेच वाटतात. मल्टिस्पोर्टमध्ये लॅपचं बटण खेळ बदलण्यासाठी वापरलं जातं, त्यामुळे हाताने लॅप घेण्याची सोय बऱ्याच घड्याळांत उरत नाही. त्याऐवजी ठरावीक अंतराला आपोआप पडणारा ऑटो लॅप लावा: धावताना १ किमी, सायकलवर ५ किंवा १० किमी.

पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारा), चेस्ट स्ट्रॅप (छातीवरचा हार्ट रेटचा पट्टा), फूट पॉड (बुटावरचा सेन्सर) असे सगळे सेन्सर घरीच जोडून ठेवा. ट्रान्झिशनच्या रॅकजवळ शेकडो सायकली उभ्या असतात. तिथे 'नवीन सेन्सर शोधा' केलंत तर शेजारच्याचा पॉवर मीटर तुमच्या घड्याळाला जोडला जाईल. घड्याळ आणि सायकल कॉम्प्युटर दोन्ही वापरणार असाल तर पॉवर मीटर दोन्हींना एएनटी प्लसवरून (सेन्सर जोडण्याची एक बिनतारी पद्धत) जोडा. त्यावर एक सेन्सर कितीही उपकरणं ऐकू शकतात, ब्लूटूथवर मात्र अनेक मीटर एका वेळी एकच जोडणी देतात.

सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तर शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी करा आणि त्यानंतर निदान एक ब्रिक सराव (सायकलनंतर लगेच धावणं) त्याच सेटिंगवर करून बघा. अपडेटनंतर सेन्सर सुटणं किंवा स्क्रीनची मांडणी बदलणं हे शर्यतीच्या आदल्या रात्री कळण्यात काही अर्थ नाही.

बॅटरीचं गणित

खोक्यावर छापलेले तास नव्या घड्याळाचे, सेन्सर न जोडता मोजलेले असतात. दोन-तीन वर्षं वापरलेल्या घड्याळाला ते लागू पडत नाहीत. स्वतःच मोजा. शर्यतीत वापरणार त्याच सेटिंगवर, तेच सेन्सर जोडून चार तासांची राइड करा आणि किती टक्के उतरले ते बघा. समजा २२ टक्के उतरले, म्हणजे तासाला ५.५. पंधरा तासांच्या शर्यतीला ८२-८३ टक्के लागतील, निभावेल. चार तासांत २८ टक्के उतरले तर तासाला ७, म्हणजे चौदा तासांच्या आसपास घड्याळ बंद, तेही मॅरेथॉनच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये. हिशेबात किमान १५ टक्के शिल्लक राहिली पाहिजे.

कमी पडत असेल तर आधी फोनचं ब्लूटूथ, वायफाय, ऑक्सिजन मोजणी, नकाशे आणि सतत उजळलेला स्क्रीन बंद करा. नंतर सॅटेलाइटकडे वळा. ड्युअल फ्रिक्वेन्सी किंवा मल्टिबँड मोड एल१ आणि एल५ असे दोन्ही सिग्नल वापरतो. उंच इमारती किंवा दरीतला रस्ता असेल तिथे त्याचा खरा उपयोग. मोकळ्या हायवेवरच्या शर्यतीत साधा जीपीएस किंवा सर्व सॅटेलाइट सिस्टिम्सचा मोड पुरतो. एक गोष्ट मात्र टाळाच: बॅटरी वाचवण्यासाठी मधूनमधूनच लोकेशन घेणारा मोड. तो कित्येक दिवसांच्या ट्रेकसाठी असतो. पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) आणि अंतर त्यात बिघडतात.

स्क्रीनवर काय ठेवावं

पोहण्यासाठी दोनच आकडे पुरेत, अंतर आणि वेळ, आणि दर ५०० मीटरला व्हायब्रेशन. पाण्यात स्क्रीन वाचत बसू नका, मनगटाला जाणवलेला धक्काच खरा कामाचा.

सायकलच्या पहिल्या स्क्रीनवर १० सेकंदांची सरासरी पॉवर, हार्ट रेट आणि या टप्प्यातलं अंतर. दुसऱ्या स्क्रीनवर नॉर्मलाइज्ड पॉवर (जोरातले चढउतार धरून काढलेली सरासरी) आणि शर्यतीचा एकूण वेळ. धावताना लॅप पेस (चालू किलोमीटरचा सरासरी पेस), हार्ट रेट, रनचा वेळ. दुसऱ्या स्क्रीनवर पुन्हा शर्यतीचा एकूण वेळ. एका स्क्रीनवर चारपेक्षा जास्त आकडे ठेवलेत तर अक्षर बारीक होतं आणि घामेजलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

एकूण वेळ ठेवायचा तो कट-ऑफसाठी, म्हणजे टप्प्यांच्या वेळमर्यादेसाठी. बऱ्याच फुल डिस्टन्स शर्यतींत पोहण्याला २ तास २० मिनिटं, सायकल संपवायला सुरुवातीपासून १० तास ३० मिनिटं आणि पूर्ण शर्यतीला १७ तास मिळतात; आपल्या शर्यतीचे नेमके आकडे आणि ते कधीपासून मोजतात हे अ‍ॅथलीट गाइडमध्ये वाचा. समजा टी-१ मधून तुम्ही १ तास ५० मिनिटांनी निघालात. हातात ८ तास ४० मिनिटं, म्हणजे ताशी २०.८ किमीच्या खाली सरासरी जाता कामा नये. टी-२ मधून १० तास ४५ मिनिटांनी निघालात तर ४२.२ किमीला ६ तास १५ मिनिटं उरतात, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं ५३ सेकंद. हे दोन-तीन हिशेब आधी करून पट्टीवर लिहा आणि सायकलच्या टॉप ट्यूबवर (सीटपुढच्या आडव्या नळीवर) चिकटवा. मागच्या गटात धावणाऱ्याला याहून मोलाचा आकडा घड्याळ देऊ शकत नाही.

खाण्याचा अलार्मही इथेच लावा. सायकलवर दर २० मिनिटांनी एक व्हायब्रेशन, वाजलं की खायचं. भूक लागण्याची वाट पाहणाऱ्याला १८० किमीत उशीरच होतो.

शर्यतीची सकाळ

घड्याळ आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि फोनशी एकदा सिंक करून घ्या. सिंकमध्ये पुढच्या काही दिवसांत सॅटेलाइट कुठे असतील याची फाइल उतरते. ती नसेल तर घड्याळाला प्रत्येक सॅटेलाइटकडून ही माहिती थेट घ्यावी लागते. एकाची कक्षा समजायला आकाश मोकळं असलं तरी साधारण ३० सेकंद जातात, आणि सिग्नल मधेच तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

स्टार्टच्या दहा-पंधरा मिनिटं आधी ट्रायथलॉन मोड उघडा, हात मोकळ्या आकाशाखाली ठेवा, सिग्नल हिरवा होऊ द्या. गोम अशी की बरीच घड्याळं या स्क्रीनवर काही मिनिटं काहीच न झाल्यास आपोआप बाहेर पडून घड्याळाच्या मुख्य स्क्रीनवर जातात. ती मर्यादा वाढवण्याचं सेटिंग असेल तर वाढवा, नसेल तर अधूनमधून एखादं बटण दाबत राहा. सायकल रॅकवर असतानाच क्रँक फिरवून पॉवर मीटर जागा करा आणि झीरो ऑफसेट घ्या, म्हणजे मीटरचा शून्य नव्याने लावा. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या सायकलचं तापमान बदललेलं असतं, त्यामुळे आदल्या दिवशीचा झीरो धरू नका.

रोलिंग स्टार्ट (स्पर्धकांना थोडं थोडं करून सोडणं) असेल तर वेळ नोंदवणाऱ्या चिपच्या मॅटवर पाय पडताना स्टार्ट दाबा. विसरलात तर आठवेल तेव्हा दाबा, पाण्यात थांबून दाबलं तरी चालतं. फक्त शर्यतीच्या एकूण वेळेत तेवढी मिनिटं मिळवायची आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर कट-ऑफचा हिशेब चुकतो.

पाणी आणि टी-१

सॅटेलाइटचा सिग्नल पाण्यात जेमतेम काही सेंटीमीटर शिरतो. त्यामुळे घड्याळाला लोकेशन मिळतं ते हात पाण्याबाहेर येतो त्या क्षणाला, आणि मधले तुकडे ते अंदाजाने जोडतं. फ्रीस्टाइलमध्ये हे बऱ्यापैकी जमतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यातच राहतो, मग रेषा तुटते आणि अंतर भरकटतं. ३.८ किमीच्या जागी ४.१ दिसलं तर लगेच घड्याळाला दोष देऊ नका. बॉयकडे (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेकडे) सरळ न जाता नागमोडी गेल्यानेही तेवढं जास्त अंतर खरोखरच पोहून होतं. नंतर मॅपवर रेषा बघा, प्रत्येक बॉयच्या आधी ती एकाच बाजूला झुकत असेल तर सायटिंग (पोहताना मान वर काढून दिशा बघणं) सुधारायला हवं.

हार्ट रेटही पाण्यात भरवशाचा नसतो. मनगट आणि सेन्सर यांच्यामध्ये पाणी शिरतं, आणि चेस्ट स्ट्रॅपचे रेडिओ सिग्नल पाण्यातून जात नाहीत. काही स्ट्रॅप आकडे स्वतःमध्ये साठवून बाहेर आल्यावर घड्याळाला देतात. नंतर बघायला ते ठीक आहे.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो वेटसूट काढताना. ओली बाही घड्याळावरून ओढली जाते आणि बटण दाबलं जातं. म्हणून बटणांना लॉक लावा. बाहेर येताना अनलॉक, लॅप, पुन्हा लॉक, आणि मग बाहीला हात, हा क्रम सरावात इतका घोटा की विचार करावा लागू नये. बाही घड्याळाच्या वरच्या कडेपर्यंतच ठेवा, त्यावर ओढून घेऊ नका. टी-१ मधून बाहेर पडताना लॅप दाबायचं ते माउंट लाइनच्या (जिच्यापुढे सायकलवर बसायचं त्या रेषेच्या) अलीकडे, सायकल हातात धरून. पेडलवर पाय ठेवताना मनगटाशी झटापट करणं धोक्याचं आहे.

सायकल

एअरो बारवर (हँडलवरच्या पुढे झुकण्याच्या बारवर) झोपलेल्या माणसाला मनगट वाचायला हात वळवावा लागतो. सायकल कॉम्प्युटर असेल तर तोच बघा आणि घड्याळ पाठीमागे रेकॉर्ड करत राहू द्या. नसेल तर घड्याळ काढून बारवर लावण्याचा माउंट मिळतो; मात्र मग मनगटाचा हार्ट रेट मिळणार नाही, आणि टी-२ मध्ये ते पुन्हा हातावर बांधायचं लक्षात ठेवावं लागेल.

इथे ज्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो पॉवर. हौशी स्पर्धकाने फुल डिस्टन्सला एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल पॉवरच्या) ६५ ते ७५ टक्क्यांत राहावं. एफटीपी २०० वॅट असेल तर १३० ते १५०. चढावर थोडं वर जाणारच, पण कमाल मर्यादा आधी ठरवा आणि तिच्या वर व्हायब्रेशन लावा. नॉर्मलाइज्ड पॉवरला सरासरी पॉवरने भागलं की १.०५ च्या आत यायला हवं. त्यावर गेलं तर तुम्ही झटके देत सायकल चालवताय आणि त्याची किंमत मॅरेथॉनच्या दुसऱ्या अर्ध्यात मोजावी लागेल. वेगाकडे बघून जोर लावू नका, समोरून वारा असताना वेग नेहमीच निराश करतो. हार्ट रेट उन्हात तासागणिक आपोआप चढतो, म्हणून त्याला लक्ष्य न करता छत समजा.

धावणं

टी-२ मधून निघाल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय हलके वाटतात आणि वेग ठरवल्यापेक्षा जास्त पडतो. इथे तात्कालिक पेस बघू नका. झाडाखाली किंवा इमारतीच्या कडेने जाताना तो किलोमीटरला अर्ध्या मिनिटानेही उड्या मारतो. लॅप पेस शांत असतो.

मनगटाचा सेन्सर कधीकधी नाडीऐवजी पावलांची लय पकडतो. हार्ट रेट अचानक १७०-१८० वर जाऊन तिथेच थबकला आणि श्वास मात्र आरामात असेल तर हेच झालंय. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर घेऊन घट्ट करा. चेस्ट स्ट्रॅप असेल तर हा प्रश्नच येत नाही.

घड्याळाचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे बोर्ड जुळत नाहीत, हे गृहीत धरा. एक टक्का फरक म्हणजे ५:४० च्या पेसला किलोमीटरमागे ३.४ सेकंद, पूर्ण मॅरेथॉनला जवळजवळ अडीच मिनिटं. म्हणून ठरलेल्या बोर्डांवर रनचा वेळ बघा. ४ तास ३० मिनिटांसाठी १० किमीला १:०४, २० ला २:०८, ३० ला ३:१२, ४० ला ४:१६.

बटण चुकून दाबलं गेलं तर

सायकलवर असताना घड्याळ रनमध्ये गेलं तर बहुतेक मॉडेलमध्ये मागे जाता येत नाही. रेकॉर्डिंग बंद करू नका. शर्यतीचा एकूण वेळ अजूनही बरोबर चालू आहे आणि कट-ऑफला तोच लागतो. अंतर सायकल कॉम्प्युटरवरून किंवा बोर्डांवरून घ्या. बंद करून नवीन बाइक सुरू केलीत तर एकूण वेळ हातातून जातो.

शर्यतीत फोनवर बोलणं, मेसेज करणं आणि इअरफोन लावणं नियमात बसत नाही, त्यासाठी अपात्र ठरवलं जाऊ शकतं. घड्याळात गाणी असली तरी ती फिनिशपर्यंत तशीच राहू द्या आणि नोटिफिकेशन बंद ठेवा.

फिनिश लाइन ओलांडल्यावर दोन पावलं पुढे जाऊन स्टॉप दाबा. अधिकृत वेळ चिपची असते, आणि फोटोत मान खाली घातलेला चेहरा कुणालाच नको असतो. नंतर 'सेव्ह' निवडा, डिस्कार्डच्या शेजारी असतं म्हणून दोनदा वाचून. समुद्रात पोहला असाल तर त्याच संध्याकाळी घड्याळ गोड्या पाण्याखाली धुवा. मीठ सुकून हवेच्या दाबाच्या सेन्सरचं बारीक छिद्र बुजलं की पुढच्या राइडला सपाट रस्त्यावरही शेकडो मीटरची चढाई नोंदवली जाते.