नांगरणीआधी माती खणून बघा

पीक निघाल्यावर हरभरा-तुरीचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचे कोष, मुळे खाणारी हुमणी आणि रोपे कुरतडणाऱ्या अळ्या मातीतच राहतात आणि पुढच्या पिकावर उठतात. पण दरवर्षी सरसकट खोल नांगरण्यात डिझेल आणि ओल दोन्ही वाया जातात. म्हणून आधी बघा, मग ठरवा.

१. काढणी होताच शेतात चार-पाच ठिकाणी फूटभर लांब-रुंद, वीतभर खोल खड्डे घ्या. उशीर करू नका; माती सुकली किंवा थंडी वाढली की हुमणी खोल जाते आणि नांगराला सापडत नाही.

२. माती गोणपाटावर पसरून ढेकळे हाताने फोडा. तपकिरी, गुळगुळीत कोष किंवा इंग्रजी 'सी'सारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या (हुमणी) दिसतात का, ते पाहा.

३. बऱ्याच खड्ड्यांत सापडल्या तरच नांगरा, तेही सकाळी. पक्षी मागोमाग येऊन वेचतात, उरलेले उन्हाने मरतात. त्यामुळे लगेच वखर किंवा फळी फिरवू नका, ढेकळे काही दिवस उघडी राहू द्या. अर्धा फायदा इथेच आहे.

उताराच्या जमिनीत मात्र खोल नांगरट टाळा, माती वाहून जाते. किडी खाणारे भुंगेरे आणि कोळीही मातीतच राहतात, त्यांनाही जपायला हवे.