वर्डलमध्ये चार घरं हिरवी झाली तरी हार? या चुका टाळा

वर्डल म्हणजे सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ. अक्षर योग्य जागी असेल तर घर हिरवं होतं, शब्दात आहे पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळं, नसेलच तर करडं. दुसऱ्याच प्रयत्नात 'नाइट' टाकलं आणि आय-जी-एच-टी ही चारही अक्षरं हिरवी झाली, की खेळणारा जिंकल्याच्या थाटात असतो. आता फक्त पहिलं अक्षर बदलायचं! मग फाइट, मग लाइट, मग माइट, मग साइट. सहा प्रयत्न संपले. उत्तर होतं 'टाइट'.

ही चूक इतक्यांदा बघायला मिळते की आधी तिचंच बोलू. नाइट गेल्यावर एट (आठ या अर्थाचा), फाइट, लाइट, माइट, राइट, साइट आणि टाइट असे रोजच्या वापरातले सात शब्द उरतात. हातात प्रयत्न चार. एकेक टाकत गेलात तर प्रत्येक वेळी एकाच अक्षराची चौकशी होते आणि तीन शब्द तसेच राहून जातात. हिरवी घरं पुन्हा हिरवी झाल्याने नवीन काहीच कळत नाही.

अशा वेळी तिसऱ्या प्रयत्नात उत्तर शोधायचंच नाही. 'फिल्म्स' टाका. एफ, एल, एम आणि एस यांची एकदम चौकशी होते. त्यातलं एखादं पिवळं किंवा (एफ असेल तर) हिरवं झालं, तर चौथ्या प्रयत्नात उत्तर. चारही करडी आली, तर एट, राइट, टाइट हे तीन शब्द आणि तीन प्रयत्न. हरायला जागाच नाही. 'नाइट' तिसऱ्या प्रयत्नात पडलं असेल तरी फिल्म्स टाकून सातापैकी सहा शब्द गाठता येतात. एकेक टाकत बसलात तर तीनच. एस लावलेलं साधं अनेकवचन उत्तर म्हणून सहसा येत नाही, पण चाचपणीला उत्तम चालतं. नवशिक्यांना वाटतं की एक प्रयत्न फुकट गेला. फुकट जातो तो 'बघू, लागेल नशिबाने' म्हणून टाकलेला प्रयत्न.

ए-टी-सी-एच ही दुसरी खोड. बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. इथे 'प्लंब' टाकायचा, तोच शेवटी न उच्चारला जाणारा बी असलेला. पी, एल, एम आणि बी एका दमात निकालात निघतात. उरतात कॅच, हॅच, वॉच. आता सी आणि एच ही दोन्ही अक्षरं शब्दात आधीच आहेत, म्हणून ती नुसती पिवळी होऊन उपयोग नाही; सी पहिल्याच घरात तपासावा लागतो. त्यासाठी 'च्युई', सी-एच-ई-डब्ल्यू-वाय. सी हिरवा आला तर कॅच, डब्ल्यू पिवळा आला तर वॉच, दोन्ही नाही तर हॅच.

हार्ड मोडमध्ये ही वाट बंद असते, कारण मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात. तिथे सावधपणा आधी हवा. दुसऱ्या घरात आय आणि शेवटी टी हिरवा दिसला, की लगेच नाइट-लाइटकडे धावू नका. 'फर्स्ट' टाका. आय आणि टी जागच्या जागी राहतात आणि एफ, आर, एस तपासून होतात. चार घरं लवकर हिरवी करण्याची हौस हार्ड मोडमध्ये सगळ्यात महाग पडते.

मराठी माणसाची खास चूक वेगळीच: कानाने शब्द शोधणं. आपल्याकडे जसं बोलतो जवळपास तसंच लिहितो, त्यामुळे ओ-यू-जी-एच दिसलं की मनात एकच आवाज उमटतो. 'रफ' आठवलं की 'टफ' सुचतं आणि गाडी तिथेच अडते. कॉफ (खोकला), डो (कणीक), बाउ (फांदी) हे त्याच चार अक्षरांनी संपणारे पाच अक्षरी शब्द आहेत, पण आवाज जुळत नाही म्हणून आठवत नाहीत. 'ऑट'मध्ये तर हीच चार अक्षरं सुरुवातीला येतात. उलटा घोळही होतो. 'राइट' म्हणजे उजवा आणि 'राइट' म्हणजे लिहिणं, दोन्ही पाच अक्षरी. पण रात्रीचा 'नाइट' पाच अक्षरी आणि सरदार 'नाइट' के धरून सहा अक्षरी. कागदावर चार घरं मांडा, पाचव्यात ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर लिहून बघा. दोन मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर शब्दांची तयार यादी उघडूनही फायदा नाही.

यादीवरून आठवलं. शोधताना 'ही अक्षरं असलेले' आणि 'ही अक्षरं याच क्रमाने असलेले' यांत गल्लत करू नका. पहिल्या प्रकारात आय, जी, एच, टी दिलं तर 'थिंग'सुद्धा येईल.

आय-एन-जी नेहमी शेवटीच असतं असं धरू नका. ब्रिंग, स्टिंग, स्विंग आहेत, तसे बिंगो, लिंगो, डिंजी, हिंज, टिंजही आहेत.

एकच अक्षर दोनदा टाकलं आणि त्यातलं एक करडं आलं, तर ते अक्षर शब्दात नाही असा अर्थ होत नाही. उत्तर 'अबाइड' असताना 'स्पीड' टाकलंत तर पहिला ई पिवळा होईल, दुसरा करडा. ई आहे, पण एकच आहे.

आणि स्पेलिंग. हा खेळ जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, आणि त्याआधीपासूनच तो अमेरिकी वळणाचा आहे. शाळेत आपण शिकलो ते ब्रिटिश. ओ-यू-आर घोकलेल्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये यू नसलेला 'ह्यूमर' चांगलाच अडला. त्याच वर्षी बेसबॉलमधला 'होमर' (होम रनसाठीचा अमेरिकी शब्द) आला आणि इतक्या लोकांनी त्याचा अर्थ शोधला, की केंब्रिज शब्दकोशाने तोच वर्षाचा शब्द ठरवला. ओ-आर ने संपणारा शब्द बसत असेल तर तो यूविना आधी तपासा.