लग्नातलं उरलेलं अन्न संस्थेला देताय? या चुका टाळा

मंगल कार्यालयातली शेवटची पंगत उठते, आचारी पातेल्यांची झाकणं काढून बघतो आणि मग फोनाफोनी सुरू होते. तोवर रात्रीचे साडेदहा-अकरा झालेले असतात. आश्रमातली मुलं केव्हाच जेवून झोपलेली असतात आणि मसालेभात संध्याकाळी पाचला शिजलेला असतो. अशा वेळी सगळ्यांची इच्छा असूनही अन्न सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला सर्वांत मोठा वाटा घराघरांतला होता, पण जवळपास २९ कोटी टन हॉटेलं, कँटीन, केटरिंग यांसारख्या ठिकाणचं होतं. आपल्याकडे अन्न पोचवणाऱ्यांची वानवा नाही. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक आज कितीतरी शहरांत आहेत. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी उभी केलेली रोटी बँक आहे. गावोगावी छोटी मंडळंही हे काम करतात. अडतं ते केटरर, कार्यालय, यजमान आणि संस्था यांच्यात आधी काहीच ठरलेलं नसल्यामुळे.

उरल्यावर फोन करणं

संस्थेला पहिला फोन लग्नाच्या दोन दिवस आधी गेला पाहिजे: किती पानांची ऑर्डर आहे, जेवण कधी आहे, काय काय पदार्थ आहेत. दुसरा फोन शेवटची पंगत बसताना करायचा, उठल्यावर नव्हे. त्या वेळी आचाऱ्याला अंदाज आलेला असतो आणि गाडी निघायला अर्धा तास मिळतो. काही उरणार नसेल तर तसंही कळवा. फुकटची फेरी झालेले कार्यकर्ते पुढच्या वेळी उशिरा निघतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

अन्न कोणाचं, हे न ठरवणं

पैसे यजमानांनी मोजलेले, शिजवलं केटररने, जागा कार्यालयाची. त्यामुळे "घेऊन जा" म्हणायला कोणीच पुढे येत नाही. करारात एक ओळ घाला: शिल्लक अन्न अमुक संस्थेला जाईल आणि ते देण्याची जबाबदारी केटररच्या अमुक माणसाची. माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहाच. "आमचा कोणीतरी असेल" या वाक्यावर विसंबलेली बहुतेक कामं फसतात.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. वाढपी आणि भांडी घासणाऱ्या मावश्या तोवर जेवलेल्याच नसतात. त्यांची पानं आधी, मग शिल्लक मोजायची. त्यांच्या तोंडचा घास दुसरीकडे नेण्यात कसलं दान?

भांड्यांचा विचार न करणं

ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मला ही सगळ्यांत मोठी अडचण वाटते. केटररची पातेली त्याच रात्री धुऊन दुसऱ्या ऑर्डरला जायची असतात. संस्थेची माणसं रिकाम्या हातांनी येतात. मग अन्न प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं जातं आणि डाळ-भात, भाजी, पुऱ्या एकात एक होतात. झाकणाचे स्टीलचे डबे आणि उथळ परातींचा एक संच कार्यालयातच ठेवावा. खर्च संस्था आणि कार्यालयाने वाटून घ्यावा. डबे धुऊन परत कोणी आणायचे, हेही त्याच वेळी ठरवा.

भात झाकून ठेवणं

या चुकीने माणसं आजारी पडू शकतात, म्हणून जरा सविस्तर. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तर जंतूंची वाढ रोखली जाते. मधल्या तापमानात ते झपाट्याने वाढतात. भाताचा धोका वेगळाच असतो. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त रूपं, उकळूनही मरत नाहीत. खोल पातेल्यात झाकलेला भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. तिथे ते पुन्हा जागे होतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही. वासावरूनही ते कळत नाही, त्यामुळे "वास घेऊन बघ" ही परीक्षा इथे कामाची नाही.

उपाय सोपा आहे. उरलेला भात ताबडतोब उथळ परातीत दोन बोटांपेक्षा जाड थर होणार नाही असा पसरा आणि शिजल्याची वेळ डब्यावर लिहा. विस्तवावरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत तो खाणाऱ्याच्या पानात किंवा फ्रिजमध्ये गेला पाहिजे. म्हणूनच मोठ्या कार्यात भात एकदम न लावता पंगतीच्या हिशोबाने दोन-तीन घाण्यांत लावावा. शेवटचा घाणा ताजा असतो आणि उरतोही कमी.

मठ्ठा, कोशिंबीर, उघडी राहिलेली बासुंदी यांना संस्थेने सरळ नाही म्हणावं. पानातलं उष्टं किंवा बुफेच्या टेबलावर तासभर पाहुण्यांनी हाताळलेलं अन्नही घेऊ नये. नकार दिला तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, या भीतीने संस्था सगळंच उचलतात. ज्या केटररला हा नकार पटत नाही, त्याच्याबरोबर काम न करणंच बरं.

कागदपत्रं टाळणं

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे शिल्लक अन्नाच्या वाटपाबाबतचे नियम २०१९ पासून आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेला नोंदणी किंवा परवाना लागतो. डब्यावर पदार्थाचं नाव, तो कुठून आला, कधी शिजवला, शाकाहारी की मांसाहारी ही माहिती हवी आणि वाटपाची नोंदही ठेवावी लागते. छोट्या मंडळांनी स्वतंत्र धडपड करण्यापेक्षा नोंदणी असलेल्या संस्थेशी जोडून घ्यावं.

घेणाऱ्यांना न विचारणं

वृद्धाश्रमात शंभर जिलब्या उतरवल्या जातात आणि निम्म्या आजी-आजोबांना मधुमेह असतो. अशा प्रत्येक ठिकाणची माणसं, जेवणाची वेळ, पथ्यं आणि फ्रिज आहे का, याची एक यादी केटररकडेही असावी. दुपारच्या कार्यातलं अन्न वेळेत फ्रिजमध्ये गेलं, तर संध्याकाळच्या जेवणाला नीट बसतं. रात्रीच्या कार्यासाठी रात्रपाळीचे कामगार, रुग्णालयाबाहेर मुक्काम केलेले नातेवाईक, रेल्वे स्थानकाजवळची निवारागृहं अशी जागी असणारी माणसं शोधावी लागतात. आणि वाटताना फोटो काढू नका. भुकेच्या वेळी कोणालाही कॅमेरा नको असतो.

फक्त वाटलेली ताटं मोजणं

वर्षाअखेरी "इतकी ताटं वाटली" हा आकडा वाढला की सगळे खूश होतात. मला तो आकडा वाढणं काळजीचं वाटतं. त्याच कार्यालयातून दर लग्नाला तितकंच अन्न निघत असेल तर अंदाज सुधारलेला नाही. संस्थेने उचललेला प्रत्येक पदार्थ वजन करून लिहावा आणि महिन्याने तो तक्ता केटररसमोर ठेवावा. दर वेळी पुऱ्या आणि दुसरी गोड वस्तूच उरतात असं दिसलं, तर पुढच्या यजमानाशी बोलताना त्याच्या हातात पुरावा असतो. यजमान "कमी पडायला नको" म्हणून पन्नास पानं वाढवतात, तेव्हा केटरर त्यांना मागच्या दहा कार्यांचे आकडे दाखवू शकतो.

खाण्यालायक न उरलेल्याची सोय न करणं

काही अन्न टाकावंच लागतं. ते ओल्या कचऱ्यात वेगळं ठेवा, पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पेल्यांसोबत नको. पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने विकसित केलेलं छोटं बायोगॅस संयंत्र पिष्टमय खरकट्यावर चालतं. मोठ्या प्रमाणासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्र आहे. एकाच रस्त्यावरच्या तीन-चार कार्यालयांनी मिळून असं संयंत्र बसवलं, तर विटलेला भात आचाऱ्याच्या शेगडीला गॅस म्हणून परत मिळतो.