उघड्या आराखड्याचं हवामापक यंत्र बनवून विकायचं असेल तर

ज्याचा आराखडा कुणीही पाहून वापरू शकतो असं हवेतली धूळ मोजणारं यंत्र मी बनवलं आणि पहिल्याच पेटीत घोडचूक केली. धूलिकण मोजणाऱ्या पीएमएस५००३ सेन्सरची हवा ओढणारी छिद्रं आणि हवा बाहेर टाकणारा पंखा एकाच बाजूला असतात. मी मधे आडोसाच ठेवला नाही. सेन्सर स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढत बसला, बाहेर धूर असूनही आकडे ढिम्म हलेनात. तेव्हा आधी दोन्हींच्या मधे फोमची पट्टी लावा, पेटीच्या भिंतीला नीट टेकेल अशी.

जोडणी सोपी आहे. सेन्सरला ५ व्होल्ट लागतात, डेटाच्या तारा ३.३ व्होल्टच्या, यंत्र चालवणाऱ्या ईएसपी३२ चिपला थेट जोडा. सुरू केल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या. तापमानाचा सेन्सर ईएसपी३२पासून लांब ठेवा, नाहीतर खोलीऐवजी चिपचं तापमान मोजाल.

खरा घाम पुढे गळतो. हा सेन्सर कणांचं वजन करत नाही. कणांवरून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशावरून अंदाज बांधतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडाही फुगतो. म्हणून आपली दोन-तीन यंत्रं प्रमाणित यंत्राशेजारी काही आठवडे ठेवा, आर्द्रता धरून दुरुस्तीचं सूत्र काढा आणि ते जाहीर करा. कच्चा आकडाही दिसू द्या. पीएम२.५साठी, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची २४ तासांची पातळी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. तिथे दहाची चूक म्हणजे खेळ खलास.

सर्किटला सर्न-ओएचएल-एस हा खुल्या हार्डवेअरचा परवाना द्या, कोडला जीपीएल हा खुल्या सॉफ्टवेअरचा. ‘कुणी नक्कल केली तर?’ करू दे की! बदल करून विकणाऱ्याला ते बदलही खुले करावे लागतात. नाव तेवढं ट्रेडमार्क करून ठेवा. कमाई किटमधून, तयार यंत्रांमधून, शाळांच्या एकगठ्ठा मागणीतून आणि सुट्या सेन्सरमधून होते. सेन्सर आज ना उद्या झिजणारच. तो स्क्रू काढून बदलता यावा, गोंद नको. किंमत काढताना नुसती सुट्या भागांची बेरीज पुरत नाही. चाचणीचे तास आणि परत येणारे नग मी धरलेच नव्हते, पहिली खेप पदरमोड करून विकली.

नवा माल आला की सगळे सेन्सर एका बंद खोक्यात चालू करा आणि आत काडी पेटवून विझवा. सगळ्यांचे आलेख एकत्र चढायला हवेत. जो वेगळा वागेल त्याच्या पाठीवर तारीख लिहा आणि आलेखासकट पुरवठादाराकडे परत धाडा.