स्किझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरणशक्ती सुधारायला घरी काय करता येतं

गोळ्यांनी भास, संशय कमी होतात पण लक्ष लागणं, आठवणं, कामाचा क्रम जुळवणं हे त्यांनी फारसं सुधारत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात आळशी झालाय, आणि तो आळस नसतोच हो, आजाराचाच भाग आहे तो.

सगळ्यात आधी औषधांची चिठ्ठी बघा. आजाराच्या गोळ्यांमुळे हातपाय थरथरू नयेत, अंग ताठरू नये म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची गोळी देतात, त्याने विसरभोळेपणा वाढू शकतो, तर डॉक्टरांना विचारा की अजून गरज आहे का, डोस कमी होईल का. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका प्लीज! झोप आणि शुगर, थायरॉइडपण तपासून घ्या.

मग कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे थेरपिस्टसोबत लक्ष, स्मरण, नियोजन यांचा सराव, आठवड्यातून दोनतीनदा, काही महिने. नुसते मोबाइल गेम पुरत नाहीत, शिकलेलं रोजच्या कामात वापरायला लावा, उदा. किराण्याची यादी करून सामान आणणं.

रोज भरभर चालणंही मदत करतं. घरी एकावेळी एकच सूचना द्या, चहाची कृती ओट्याजवळ लिहून चिकटवा, गोळ्यांना मोबाइलचा अलार्म लावा. आणि उत्तराला वेळ लागला तर थांबा, मधेच वाक्य पूर्ण करू नका.