गॅरेजचं ऑफिस करताना या चुका टाळा (मी सगळ्या केल्या आहेत)

आमचं पुण्यातलं गॅरेज १९८४ सालचं, वडिलांच्या फियाटसाठी बांधलेलं. फियाट गेली, आणि मग जुने माठ, पंक्चर सायकली, गणपतीचं मखर आणि 'लागेल कधीतरी' या सदरातलं बाकी सगळं तिथं राहायला आलं. २०२० साली घरातून काम सुरू झालं. कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंग करणं जमेना, तेव्हा माझी नजर तिकडे वळली. तीन बाजूंना भिंती, वर स्लॅब, पुढे शटर. आणखी काय हवं? पुढच्या एप्रिलमध्ये काम काढलं, मे संपता संपता टेबल-खुर्ची मांडली. ऑगस्टमध्ये लॅमिनेटची जमीन पापडासारखी फुगली होती आणि आत शिरलं की वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा वास यायचा.

चूक मुळात एकच, बाकीच्या तिची पिल्लं. गॅरेज म्हणजे रिकामी खोली, असं मी धरून चाललो होतो. गॅरेज माणसासाठी बांधलेलंच नसतं. राष्ट्रीय इमारत संहितेत घराचं जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच हवं, गॅरेजला १५ चालतात. राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर, गॅरेजची २.४ मीटर. जमिनीला उतार, कारण गाडी धुतलेलं पाणी बाहेर जायला हवं. भिंती बऱ्याचदा चार इंची. गाडीला यातल्या कशाचंच सोयरसुतक नसतं. आठ तास खुर्चीत बसणाऱ्याला सगळ्याचंच असतं.

उन्हाळ्यात काम काढून पावसाळ्याकडे डोळेझाक

आपल्याकडे घरकाम उन्हाळ्यात काढायची रीत आहे, आणि इथेच फसगत होते. एप्रिलमध्ये कोबा खडखडीत कोरडा दिसतो. जुलैत जमिनीखालचं पाणी वर येतं आणि तोच कोबा खालून ओल शोषून घेतो. त्यावर लॅमिनेट किंवा कार्पेट घातलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर टाका, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, एक दिवस तसाच राहू द्या. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळसर झाला असेल, तर ओल खालून येते आहे. मात्र हे जुलै-ऑगस्टमध्येच करा. शक्य असेल तर कामाआधी एक पावसाळा जाऊ द्या. मुसळधार पावसात छत्री घेऊन गॅरेजभोवती एक चक्कर मारलीत, तर इंटिरियरवाल्याच्या चार बैठकांपेक्षा जास्त कळेल.

मी ती चक्कर उशिरा मारली. तीन गोष्टी दिसल्या. गच्चीच्या पन्हळीचा पाइप नेमका गॅरेजच्या कोपऱ्यात सुटत होता. मागच्या भिंतीला आईने जास्वंदीचा वाफा केला होता, त्यातली माती आतल्या जमिनीपेक्षा फूटभर वर आलेली, म्हणजे भिंत चार महिने ओल्या मातीत उभी. आणि रस्ता दोनदा डांबरून उंच झाल्यामुळे फाटकातलं पाणी शटरकडेच वळत होतं.

यातलं काहीही आतून रंग लावून सुटत नाही. 'वॉटरप्रूफ' रंगाचे दोन हात मीही मारून पाहिले. पाणी भिंतीच्या मागून ढकलत असतं, त्यामुळे रंगाला आधी फोड येतात, मग पोपडे निघतात आणि खाली पांढरा लोणा दिसतो. इलाज बाहेरूनच करावा लागतो: वाफा भिंतीपासून दूर न्यायचा, पाइप गटारापर्यंत पोचवायचा, शटरपुढे पूर्ण रुंदीचा जाळीचा चर काढायचा आणि आत तीन-चार इंचांचा उंबरा करायचा. जास्वंद हलवली तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. तो खर्च वेगळा.

जमिनीचं काम दुसऱ्यांदा केलं ते असं. लॅमिनेट फेकलं, कोब्याला टाचे मारले (छिन्नीने खडबडीत केला), त्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लॅस्टिकचा कागद कडांना भिंतीवर वळवून अंथरला, वर तीन इंच काँक्रीट, मग साध्या टाइल्स. उतारही त्यातच मोडला. आधी तो तसाच ठेवला होता आणि चाकांची खुर्ची मीटिंगमध्ये आपोआप शटरच्या दिशेने चालू लागायची. ऑइलचे जुने डाग असतील तर ते घासून, खरवडून काढल्याशिवाय वर काही घालू नका. तेलकट कोब्यावर सिमेंट धरत नाही आणि वर्षभरात टाइल पोकळ वाजू लागते.

जमीन उचलली की उंची तेवढी कमी होते, हे गणित आधी करा. २.४ मीटर म्हणजे आठ फूटही भरत नाहीत. त्यातून चार इंच खालून गेले आणि हौसेने फॉल्स सीलिंग केलंत तर सहा इंच वरून. मग छताचा पंखा लावून हात वर करून आळस द्यायची सोय राहत नाही. भिंतीवरचा पंखा घ्या. फॉल्स सीलिंग तर पहिल्या पावसाळ्यात नकोच. स्लॅब गळतो का ते उघड्यावर दिसू दे. जिप्समच्या आड गळती लपते आणि डाग दिसतो तेव्हा अर्धं छत ओलं झालेलं असतं.

आणि सगळं करूनही भिंत दमटच लागली तर? ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे पाणी असेल तर भिंत झिरपते आहे. वरच्या, खोलीकडच्या बाजूला दव असेल तर दोष भिंतीचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून डोक्याला बाम लावणं.

एका बल्बच्या वायरवर अख्खं ऑफिस

गॅरेजला घरातून ओढलेली एकच बारीक वायर असते, एक बल्ब आणि एक सॉकेट यांच्यापुरती. त्यावर दीड टनाचा एसी, संगणक, प्रिंटर आणि चहाची किटली लावली की लक्षणं दिसू लागतात. एसी सुरू होताना दिवे मंद होत असतील किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, तर वायर पुरत नाही. मेन बोर्डपासून वेगळी लाइन ओढा, एसीला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि चार चौरस मिलिमीटरची वायर द्या. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या गॅरेजांत तीन भोकांच्या सॉकेटचं वरचं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला विसरू नका, आणि ती पावसाळ्यातच सारखी पडत असेल तर तिला शिव्या देऊन काढून टाकू नका. कुठल्या तरी बोर्डात ओल शिरली आहे, हेच ती सांगते आहे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करा.

इन्व्हर्टरची बॅटरी आपल्याकडे हमखास गॅरेजमध्ये असते. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. उघड्या गॅरेजमध्ये तो उडून जायचा, तुमच्या बंदिस्त एसी खोलीत जाणार नाही. बॅटरी बाहेर हलवा. मीटर किंवा पंपाचा स्टार्टर भिंतीवर असेल तर त्यावर पॅनेलिंग करू नका. आमच्या सुताराने स्टार्टर इतका सुबक झाकला की टाकी रिकामी झाल्यावर पटाशीने उघडावा लागला.

वायरिंगचे पाइप टाकतानाच घरातल्या राउटरपासून लॅन केबल ओढून घ्या. दोन भिंती ओलांडून येणाऱ्या वायफायवर मी सहा महिने 'आवाज येतोय का?' एवढंच विचारत होतो.

हवा आणि ऊन

खिडकी नसलेल्या गॅरेजमध्ये एसी बसवला की प्रश्न मिटला असं वाटतं. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. दुपारी तीन वाजता डोकं जड होतं ते जेवणामुळेच असं नाही. संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान सहाव्या भागाइतकं हवं, कोरड्या-उष्ण भागात दहाव्या. म्हणजे अडीच बाय पाच मीटरच्या जागेला कोकणात सुमारे दोन चौरस मीटर, कोरड्या-उष्ण भागात सव्वा. निदान समोरासमोर एक खिडकी आणि एक एक्झॉस्ट फॅन तरी हवाच. जागेचे दोन भाग करून एकीकडे स्कूटर ठेवायचा बेत असेल तर सोडून द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि एक्स्टेन्शन बोर्डही तिथेच पडलेला असतो.

वर पत्रा असेल तर एसीचा आकार वाढवण्याआधी पत्र्याचं बघा. पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेलं ५० मिलिमीटरचं पॅनेल महाग पडतं, पण रोज उपयोगी पडतं. पत्र्याखाली उघडं थर्मोकोल ठोकू नका. ते झटकन पेट घेतं, आणि त्याआधी उंदीर घरं करतात. स्लॅब असेल तर गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या, तेवढ्यानेही फरक पडतो. फर्निचरला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) नको. तळमजल्यावर ते आधी फुगतं, मग वाळवी येते. टेबलाचे पाय लोखंडी करा आणि कपाटं जमिनीपासून चार इंच वर ठेवा.

नकाशा आणि शेजारी

मंजूर नकाशात ती जागा 'पार्किंग' म्हणून दाखवलेली असते. भिंत उचलण्याआधी आर्किटेक्टला नकाशा दाखवा. कर्मचारी किंवा ग्राहक येणार असतील तर महापालिका आणि महावितरण दोन्हीकडे विचारा, घरगुती आणि व्यावसायिक विजेचा दर सारखा नसतो. सोसायटीतल्या स्टिल्ट पार्किंगच्या (इमारतीखालच्या, खांबांमधल्या जागेच्या) बाबतीत तर हा विचारच मनात आणू नका. ती जागा सामाईक आहे, बिल्डर ती गॅरेज म्हणून विकू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. आणि तुमची गाडी आता कुठे उभी राहणार, हे शेजाऱ्यांच्या आधी तुम्ही ठरवलेलं बरं.

म्हणूनच मी शटर काढलं नाही. आतल्या बाजूला ब्लॉकची भिंत, तिच्यात मोठी सरकती खिडकी. दिवसा शटर वर, रात्री खाली. उद्या गॅरेज परत हवं झालं तर एक भिंत पाडायची. शटरवरच्या तुळईला मात्र हात लावू नका, तेवढ्या रुंद उघड्या जागेवरचा भार तीच पेलत असते. बाजूला साधा बिजागरीचा दरवाजा करा, आतून उघडणारा. मी सुरुवातीला शटर हाच दरवाजा ठेवला होता. एका संध्याकाळी मी आत हेडफोन लावून बसलेलो, आणि वडिलांनी रोजच्या सवयीने बाहेरून शटर ओढलं, कुलूप लावलं आणि फिरायला निघून गेले.